दारातल्या माणसाचा हक्क

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांची चिठ्ठी आमच्या हाती आली. आज ती मुद्दाम सोबत आणली आहे, कारण आजचा सगळा विषय तिच्यात मावला आहे. ते लिहितात की, निर्वासितांना मानवी हक्क असतात हे मान्य. पण हक्क म्हटला की कोणावर तरी त्याचं कर्तव्य येतं, ते कर्तव्य नेमकं कोणाचं? आणि खाली अधोरेखित करून विचारलं आहे, 'आमचं का?' प्रश्नात थोडी चीड आहे. आम्हाला ती चीड खोटी वाटत नाही. हक्कांविषयीचं बरंचसं गोड बोलणं याच प्रश्नाला वळसा घालून जातं, म्हणून आज आपण वळसा न घालता सरळ त्याच्याकडे जाऊ.

आधी शब्द पाहू. मराठीत या माणसांसाठी आपल्याकडे कितीतरी शब्द आहेत. 'निर्वासित' म्हणजे ज्याचा वास, राहण्याचं ठिकाण, हिरावलं गेलं तो. हा शब्द मागे पाहतो. त्याच्यावर काय गुदरलं ते सांगतो. 'शरणार्थी' हा शब्द पुढे पाहतो. तो आपल्याकडे काय मागतो आहे ते सांगतो. माणूस एकच, पण पहिल्या शब्दात आपण कुठेच नाही, दुसऱ्यात आपण दार उघडणारे किंवा न उघडणारे म्हणून हजर आहोत. 'स्थलांतरित' हा तसा निर्विकार शब्द. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या पक्ष्यांनाही आपण तेच म्हणतो. आणि 'घुसखोर' या शब्दात तर चौकशीच्या आधीच निकाल देऊन टाकलेला असतो. कोणता शब्द वापरायचा हे ठरवताना आपण नकळत चिठ्ठीतल्या प्रश्नाचं उत्तर देऊन बसतो, एवढंच आत्ता लक्षात ठेवू.

आता एक ठिकाण घेऊ. कोल्हापूरजवळचं वळिवडे. आज तिथे गांधीनगर आहे आणि तिथला कापडाचा घाऊक बाजार पश्चिम महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. पण १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंडच्या सुमारे पाच हजार माणसांची छावणी होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. ही माणसं तिथे पोचली कशी? १९३९ साली पोलंडचे दोन लचके तोडले गेले. पश्चिमेचा हिटलरने घेतला, पूर्वेचा स्टालिनने. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना १९४० आणि १९४१ मध्ये मालगाड्यांतून सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकललं गेलं. पुढे हिटलरने रशियावर हल्ला केला, राजकारण फिरलं, या लोकांची सुटका झाली आणि त्यांतले काही इराणमार्गे बाहेर पडले. त्यांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. जामनगरजवळ बालाचडीला नवानगरच्या जामसाहेबांनी पोलिश मुलांसाठी जागा दिली होती. मोठी छावणी मात्र कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला झाली. शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. कोल्हापूरकरांनी या लोकांना चांगलं वागवलं, आणि पोलंडने त्याची आठवण ठेवली. वॉर्सॉमध्ये आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

इथपर्यंत गोष्ट सुखाची आहे आणि साधारणपणे ती इथेच थांबवली जाते. आपण थोडं पुढे जाऊ. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सॉमधल्या नव्या सरकारला दिली. वळिवड्याच्या बाईच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला, बघा. ज्या सरकारच्या नावावर ती इथे आली होती, ते सरकार एका दिवसात कागदोपत्री उरलं नाही. आणि तिचं गाव तर आता पोलंडमध्येच नव्हतं. ते सोव्हिएत संघात गेलं होतं. 'घरी जा' असं तिला म्हणणाऱ्याने कोणतं घर म्हणायचं? त्यांतली थोडी माणसं नव्या पोलंडमध्ये गेली. बाकीची ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी जिथे मिळेल तिथे पांगली.

आणि मग त्याच बराकींत दुसरे लोक आले. फाळणीनंतर सिंधमधून आलेले सिंधी. तिकडे कल्याणच्या लष्करी छावणीत याहून कितीतरी मोठी वस्ती झाली. १९४९ साली तिचं नाव उल्हासनगर ठेवलं गेलं, पण आजही तिथला माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' असंच म्हणतो. या सिंधी कुटुंबांचे हाल पोलिशांपेक्षा कमी नव्हते. घर गेलं, धंदा गेला, भाषेचा प्रदेशच गेला. पण एक गोष्ट त्यांच्याजवळ होती. आपल्या संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ च्या आधी आलेल्यांना सरळ नागरिक मानलं आणि नंतर आलेल्यांना नोंदणीची वाट करून दिली. त्यामुळे ते मत देऊ शकले, दुकान टाकू शकले, जागेसाठी सरकारशी भांडू शकले. विशेषतः भांडू शकले, हे महत्त्वाचं. गांधीनगरचा बाजार त्यातून उभा राहिला.

एकाच बराकीत काही वर्षांच्या अंतराने राहिलेली ही दोन माणसं. दया दोघांच्याही वाट्याला आली. एकाच्या बाजूने सहावा अनुच्छेद होता, दुसऱ्याच्या बाजूने कोल्हापूरचा चांगुलपणा होता. चांगुलपणाला आम्ही कमी लेखत नाही. पण ज्याच्यावर उपकार होतो, त्याला तक्रार करता येत नाही; फार तर आभार मानता येतात. हक्क असला की आभार न मानताही उभं राहता येतं.

नेमकी हीच गोष्ट त्याच सुमारास एक जर्मन बाई लिहीत होत्या. हाना आरेन्ट. ज्यू असल्यामुळे १९३३ साली जर्मनीतून पळाल्या, फ्रान्समध्ये राहिल्या, १९४० मध्ये गुर्सच्या छावणीत काही आठवडे डांबल्या गेल्या, १९४१ मध्ये अमेरिकेत पोचल्या. १९५१ पर्यंत त्या कोणत्याच देशाच्या नागरिक नव्हत्या. १९४३ मध्ये, म्हणजे वळिवड्याची छावणी भरत होती त्या वर्षी, त्यांनी 'आम्ही निर्वासित' नावाचा लेख लिहिला आणि १९५१ च्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात त्या विचाराला पूर्ण रूप दिलं. त्यांचा मुद्दा आमच्या शब्दांत असा: अठराव्या शतकापासून आपण म्हणत आलो की माणसाला काही हक्क केवळ माणूस म्हणून असतात, राज्य ते देत नाही. मग ज्याचं राज्य गेलं, घरदार गेलं, ज्याच्याजवळ केवळ माणूसपण उरलं, त्याच्या बाबतीत तर हे हक्क सर्वांत ठसठशीत दिसायला हवेत. प्रत्यक्षात झालं उलटं. माणूस केवळ माणूस उरला आणि त्याच क्षणी त्याचे सगळे हक्क गळून पडले, कारण त्याची दाद घेणारं कोणीच नव्हतं. म्हणून आरेन्ट म्हणतात की सगळ्या हक्कांच्या आधी एक हक्क लागतो: हक्क असण्याचा हक्क. ज्या समाजात आपलं म्हणणं मोजलं जातं, अशा कुठल्यातरी समाजाचा भाग असण्याचा हक्क.

आम्ही हे वर्गात शिकवायचो तेव्हा एखादा विद्यार्थी हमखास विचारायचा, 'सर, मग तो हक्क देणार कोण?' म्हणजे पुन्हा चिठ्ठीच! आरेन्ट यांनी प्रश्न अचूक मांडला, पण उत्तराच्या बाबतीत त्या फारसा आधार देत नाहीत, असं आमचं मत आहे. उत्तराचा धागा दीडशे वर्षं आधीच्या एका छोट्या निबंधात सापडतो. इमॅन्युएल कान्ट, १७९५, चिरंतन शांततेवरचा निबंध.

कान्टचा युक्तिवाद भूगोलापासून सुरू होतो. पृथ्वी गोल आहे. सपाट आणि अमर्याद असती तर माणसं एकमेकांपासून हवी तेवढी लांब पांगली असती. गोल असल्यामुळे कितीही लांब गेलं तरी शेवटी कोणाच्या तरी दारात पोचावंच लागतं. आणि मुळात या पृष्ठभागाच्या एका ठराविक तुकड्यावर असण्याचा अधिकार एकाला दुसऱ्यापेक्षा जास्त नाही. आपण कोल्हापुरात जन्मलो यात आपलं कर्तृत्व शून्य आहे. यावरून कान्ट काय काढतो? 'सगळ्यांनी सगळ्यांना घरात घ्या' असं तो म्हणत नाही, ही गंमत आहे. तो दोन हक्क वेगळे करतो. एक भेटीचा हक्क: परक्याने दारात यावं, स्वतःला पुढे करावं, आणि तो शांतपणे वागतो तोवर त्याला शत्रू समजून वागवू नये. दुसरा पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क: तो मात्र आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा करार लागतो. म्हणजे दारातल्या माणसाला नाही म्हणता येतं. पण एका अटीवर. त्याला नाकारल्याने त्याचा नाश होणार नसेल, तरच.

ही अट कान्टने जाताजाता घातली आहे, एका पोटवाक्यात. पण सगळं बळ तिच्यातच आहे. आणि हेही ध्यानात घ्या की हा निबंध लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे निर्वासित नव्हते, युरोपचे व्यापारी होते. 'भेटी'च्या नावाखाली जाऊन देशच्या देश गिळणारे. चीन आणि जपानने या पाहुण्यांना दारातच अडवलं ते शहाणपणाचं केलं, असं तो म्हणतो. म्हणजे दार बंद ठेवण्याचा हक्क तो दुबळ्या देशांसाठी राखतो आणि दार ठोठावण्याचा हक्क दुबळ्या माणसांसाठी. आजच्या काही श्रीमंत देशांनी हे दोन्ही नेमकं उलटं करून ठेवलं आहे, पण तो विषय लांबेल. असो.

तर कान्टप्रमाणे चिठ्ठीचं पहिलं उत्तर असं: कर्तव्य त्याचं, ज्याच्या दारात तो माणूस उभा आहे. सगळ्या जगाला आश्रय देण्याचं कर्तव्य कोणाचंच नाही. पण समोर उभ्या माणसाला मरणाकडे परत न ढकलण्याचं कर्तव्य आहे, आणि ते दानधर्माचं कर्तव्य नाही. ते इतकं अरुंद आहे म्हणूनच कडक आहे.

यावर तुम्ही म्हणाल की त्याचा खर्च कोणी सोसायचा? इथे कान्टपेक्षा आपल्याकडची एक गोष्ट जास्त उपयोगी आहे. शिबी राजाची. महाभारतात ती एका ठिकाणी त्याच्या बापाच्या, उशीनराच्या नावावरही सांगितली आहे. होला राजाच्या मांडीवर येऊन पडतो, मागून ससाणा येतो. आपण ही गोष्ट मुलांना सांगतो तेव्हा राजाची थोरवी सांगतो आणि ससाण्याचं म्हणणं गाळतो. वास्तविक ससाणा चांगला वकील आहे. तो म्हणतो, हे माझं अन्न आहे. तू याला वाचवलंस तर मी आणि माझी पिल्लं उपाशी मरू. एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याला मारणारा धर्म हा धर्म कसला? राजा त्याला गप्प बसवत नाही. 'तुझंही बरोबर आहे' असं मान्य करून तो तराजू मागवतो आणि स्वतःच्या अंगाचं मांस कापून घालतो.

आमच्या मते या गोष्टीतला खरा तपशील 'स्वतःच्या' हा आहे. राजाने शेजारच्या गुराख्याचं मांस कापून तराजूत घातलं असतं तर ती गोष्ट कोणी सांगितली नसती. पण राज्यं हेच करतात. निर्णय राजधानीत होतो आणि मांस सीमेवरच्या जिल्ह्याचं जातं. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. ते कुठे राहिले? कॉक्स बाजार जिल्ह्यात, उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत. तिथल्या मजुरांची रोजंदारी घसरली, सरपणापायी डोंगर उघडे पडले. आणि हे एकट्या बांगलादेशाचं नाही. आज जगात युद्ध आणि छळामुळे घर सोडावं लागलेले सुमारे १२ कोटी लोक आहेत. त्यांतले निम्म्याहून जास्त स्वतःच्याच देशात इकडून तिकडे झालेले आहेत. देश सोडून गेलेल्यांपैकी बहुसंख्य शेजारच्या देशात थांबले आहेत, आणि हे शेजारी बहुतेक गरीब किंवा मध्यम उत्पन्नाचे आहेत. म्हणजे चिठ्ठीतली चीड शेजाऱ्याच्या तोंडी शोभते, लांबच्या श्रीमंताच्या तोंडी नाही. दारात उभ्या माणसाचं कर्तव्य दारवाल्याचं, पण खर्चाचं कर्तव्य सगळ्यांचं, ही वाटणी झाली नाही तर ससाणा चिडणारच.

आता हे कायद्यात कसं उतरलं? १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा घ्या. आपल्या हंसाबेन मेहता यांनी त्यात 'सर्व पुरुष' या अर्थाने वाचता येतील असे शब्द बदलून 'सर्व मानव' असे करून घेतले, ते आपण अभिमानाने सांगतो. पण तेराव्या आणि चौदाव्या कलमांची भाषा नीट वाचा. प्रत्येकाला स्वतःचा देश सोडण्याचा हक्क आहे. छळापासून दुसऱ्या देशात आश्रय शोधण्याचा आणि उपभोगण्याचा हक्क आहे. मसुद्यात आधी आश्रय 'मिळण्याचा' असा शब्द होता. तो काढला गेला. म्हणजे निघायचा हक्क आहे, शोधायचा हक्क आहे, पण आत येऊ देण्याचं बंधन कोणावर नाही. जिना आहे, पण वरचा मजला बांधायचा राहून गेला.

१९५१ च्या निर्वासितविषयक कराराने यात एकच भक्कम पायरी घातली. तेहतिसावं कलम: जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे कोणाही निर्वासिताला परत धाडू नये. कान्टचं ते पोटवाक्यच हे! शिवाय एकतिसावं कलम सांगतं की धोक्यातून थेट पळून आलेला माणूस परवान्याशिवाय आत शिरला म्हणून त्याला शिक्षा करू नये. ज्या राज्याने छळ केला त्याच राज्याकडून तो पासपोर्ट आणि शिक्का घेऊन कसा येणार, एवढा साधा विवेक त्यामागे आहे.

भारताने या करारावर सही केलेली नाही. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका यांनीही नाही. तरी भारताने तिबेटी लोकांना १९५९ पासून आश्रय दिला. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची एक वसाहत आहे, आणि थंडीत शहराशहरांत स्वेटरांची दुकानं मांडणारे तिबेटी आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे. श्रीलंकेच्या तमिळांना १९८३ पासून आश्रय दिला. हे सगळं देशाने केलं आणि चांगलं केलं. पण निर्वासितांसाठीच्या कायद्याशिवाय केलं. परकीय नागरिकांचा १९४६ चा कायदा आणि आता त्याच्या जागी आलेला २०२५ चा कायदा, दोन्हींना पर्यटक, विद्यार्थी आणि जीव मुठीत धरून आलेला माणूस यांत मुळात फरक करायचा नाही, सगळे 'परकीय'. सवलत मिळते ती सरकारी हुकमाने, आणि ज्या हुकमाने मिळते त्याच हुकमाने जाते. वळिवड्याची पोलिश बाई आठवा.

मग आपल्याकडे हक्क कुठे आहे? तो संविधानात आहे, एका साध्या शब्दात. चौदावा आणि एकविसावा अनुच्छेद 'कोणतीही व्यक्ती' म्हणतात. समानता आणि जीवित हे नागरिकालाच, असं तिथे म्हटलेलं नाही. एकोणिसावा अनुच्छेद मात्र 'नागरिक' म्हणतो: भाषण, संघटना, देशात कुठेही फिरणं, कुठेही राहणं. या दोन शब्दांच्या फटीत निर्वासिताचं सगळं आयुष्य अडकलेलं आहे.

चकमा लोकांचं प्रकरण पाहा. पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर काप्ताईचं धरण झालं, चकमांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि १९६४ पासून ते भारतात आले. आज ज्याला अरुणाचल म्हणतात तिथे त्यांना वसवलं गेलं. तीस वर्षांनी स्थानिक विद्यार्थी संघटनेने त्यांना ३० सप्टेंबर १९९५ पर्यंत निघून जाण्याची मुदत दिली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की राज्यातल्या सुमारे ६५ हजार चकमांच्या जिवाचं रक्षण करणं हे राज्याचं कर्तव्य आहे, ते नागरिक असोत वा नसोत. आणि त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज जिल्ह्याच्या कचेरीत अडवून न ठेवता पुढे पाठवा. चिठ्ठीतल्या 'कोणाचं' या शब्दाला आपल्या देशातलं हे सर्वांत स्पष्ट उत्तर आहे. ते अमलात किती आलं, हे मात्र विचारू नका. नागरिकत्वाबद्दल २०१५ साली न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. आणि अरुणाचलच्या तरुणांचं म्हणणंही सरसकट द्वेष म्हणून झटकता येणार नाही. वसवण्याचा निर्णय होताना त्यांच्या वडीलधाऱ्यांना कोणी विचारलं होतं? ससाणा तिथेही आहे.

पुढे २०२१ साल आलं. जम्मूत पकडलेल्या रोहिंग्यांना म्यानमारला पाठवण्याचा प्रश्न होता. ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चौदावा आणि एकविसावा अनुच्छेद सर्वांना आहेत खरे, पण देशाबाहेर न घालवलं जाण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या हक्काला जोडलेला आहे, आणि तो एकोणिसाव्यातला, म्हणजे फक्त नागरिकांचा. ठरलेली कार्यपद्धती पाळून परत पाठवता येईल. त्यानंतर महिना व्हायच्या आत, ३ मे रोजी, मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधल्या लष्करी उठावानंतर आलेल्या सात जणांना दिल्लीला, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे सुखरूप जाऊ द्या असा आदेश दिला. परत न धाडण्याचं तत्त्व एकविसाव्यातच अंतर्भूत आहे, असं त्यांनी म्हटलं.

तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून आम्हाला इथे एक गल्लत दिसते. 'इथे राहण्याचा हक्क' आणि 'मरणाकडे न ढकललं जाण्याचा हक्क' हे दोन वेगळे हक्क आहेत. पहिला नागरिकाचा, हे कबूल. पण बुडत्या माणसाने नावेची कड धरली, तर त्याच्या बोटांवर वल्हं मारायचं नाही. एवढं म्हणण्यासाठी नाव त्याच्या मालकीची करावी लागत नाही. तो दुसरा हक्क जीविताचा आहे, एकविसाव्यातला आहे, आणि तिथे 'व्यक्ती' असाच शब्द आहे. मणिपूरचं वाचन आम्हाला जास्त बरोबर वाटतं.

यावर कोणी म्हणेल, मरण म्हणजे फक्त बंदुकीचं का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. १९५१ च्या कराराला छळ लागतो, आणि तोही पाचच कारणांवरून: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. धरण त्यात नाही, दुष्काळ नाही, चढत जाणारा समुद्र नाही. पॅसिफिकमधल्या किरिबाटीच्या एका रहिवाशाच्या अर्जावर २०२० मध्ये जाहीर झालेल्या निर्णयात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने एवढं मान्य केलं की हवामानामुळे जगणं अशक्य झालं तर परत धाडणं चुकीचं ठरू शकेल. अर्ज मात्र फेटाळला गेला. आजवर आपण निर्वासित आणि स्थलांतरित यांच्यात एक रेघ ओढतो: एकाला हाकललं, दुसरा पोटासाठी आपण होऊन आला. ही रेघ कागदावर सरळ आहे, जमिनीवर नाही.

आपल्या घरचंच उदाहरण घ्या, देशाची सीमा न ओलांडता. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणून जावं लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. ही माणसं आपण होऊन गेली म्हणायची का? कोणी बंदूक लावली नाही. पण मागे पाणी नाही आणि डोक्यावर उचल आहे. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली जो कायदा झाला तो आंतरराज्य मजुरांचा. २०२५ पर्यंत तो लागू होता तेव्हा बीडचा माणूस बेळगावकडच्या कारखान्यावर गेला तर त्यात बसायचा, सांगलीकडे गेला तर बसत नसे. आणि मार्च २०२० आठवा. टाळेबंदी झाली आणि शहराशहरांतून माणसं पायी निघाली. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या कारखान्यातले, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघालेले. हे सगळे भारताचे नागरिक होते. एकोणिसावा अनुच्छेद त्यांच्या नावाने होता. पण ज्या गावात ते राबत होते तिथे त्यांचं रेशनकार्ड चालत नव्हतं, मत नव्हतं, आणि त्यांचं कोणी ऐकून घेत नव्हतं. आरेन्टचं म्हणणं इथे आपल्या दारात येऊन उभं राहतं. नागरिकत्वाचा कागदही पुरत नाही. आपण जिथे आहोत तिथे मोजले गेलो पाहिजे.

शेवटचा मुद्दा. कान्टने दारातल्या माणसाबद्दल सांगितलं. तो माणूस चाळीस वर्षं दारातच उभा राहिला तर काय, हे सांगितलं नाही. तमिळनाडूतल्या श्रीलंकन तमिळांच्या छावण्यांत आज ५० हजारांहून अधिक लोक आहेत. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने 'निर्वासित छावणी' हे नाव बदलून 'पुनर्वसन छावणी' असं केलं, घरंही नवी बांधायला घेतली. चांगली गोष्ट आहे. पण छावणीत जन्मलेल्या मुलाचं काय? नागरिकत्वाच्या कायद्यात २००३ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार आईवडिलांपैकी एकजण जरी 'बेकायदा स्थलांतरित' असला, तरी भारतातल्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने काहींना वाट दिली, पण ती तीन देशांतल्या सहा धर्मांच्या लोकांना. श्रीलंका, म्यानमार, तिबेट त्यात नाहीत. छळाची भीती हा निकष मानला तर ही यादी अशी का, याचं समाधानकारक उत्तर आम्हाला मिळालेलं नाही.

त्या मुलाला परत धाडायचं झालं तर कुठे? तो कुठून आलेलाच नाही. तो भेटीला आलेला परका नाही आणि करार केलेला पाहुणाही नाही. तमिळ शाळेत शिकला, तिथेच कामाला लागला, आणि सरकारी नोकरीच्या अर्जातल्या नागरिकत्वाच्या रकान्यापाशी थांबला. आमचं म्हणणं असं की परत न धाडण्याचा हक्क दारातच पुरा होतो, पण राहण्याचा हक्क वर्षांनी वाढत जातो. आणि पंधरावीस वर्षं एखाद्याला आपण राहू दिलं, त्याच्याकडून काम घेतलं, तर कान्टला हवा असलेला तो करार न लिहिता झालेला असतो. किती वर्षं, कोणत्या अटी, नोंद कोणी करायची, नकार मिळाला तर अपील कुठे, हे कायद्याने ठरवता येतं. न्यायमूर्ती भगवती यांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकात असा एक नमुना कायदा तयारही झाला होता. २०१५ साली लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं गेलं. दोन्ही तिथेच आहेत. मसुदा इंग्रजीत आहे पण छोटा आहे, ज्यांना वाचायचा असेल त्यांनी अवश्य वाचावा. चिठ्ठी पाठवणारे गृहस्थ इथे असतील तर प्रश्नोत्तरांत पहिली पाळी त्यांची.